वरचंच

सुलक्षणाला कुणी विचारलं असतं तर तिने छातीठोकपणे सांगितलं असतं, की आपण कुणावर जळत नाही. मुलुंडला तिच्या समोरच्या बिऱ्हाडाने मोठी गाडी घेतली, धाकट्या जावेने ठाण्याला दुसरा फ्लॅट बुक केला, तरी बाईंच्या कपाळावर आठी उमटली नाही. पेढा खाल्ला, छान झालं म्हणाली आणि खरंच विसरून गेली. पण त्या दुपारी ऑफिसात तिच्या मैत्रिणीने, शकुने, आपल्या डब्यातला तळलेल्या बांगड्याचा मधला तुकडा उचलून नव्या आलेल्या प्रांजलच्या डब्याच्या झाकणात ठेवला, आणि सुलक्षणाच्या पोटात जे दुखायला लागलं ते ओवा खाऊन थांबणारं नव्हतं.

मधला तुकडा तिचा होता. शकुला डोकं आवडायचं, सुलक्षणाला मधला तुकडा, आणि शेपटीकडचा कुणी खायचा यावर दोघींचं दर वेळी थोडं भांडण व्हायचं. इतक्या वर्षांत शकुने कधी विचारलं नव्हतं आणि सुलक्षणाने कधी मागितलं नव्हतं.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत 'शुभ्रा सप्लायर्स'चा गाळा होता. पुढे ऑफिस, मागे गोडाऊन आणि सगळीकडे फिनाईलचा वास. फिनाईल, हँडवॉश, कचऱ्याच्या पिशव्या, टिश्यू रोल, लादी पुसायचे मॉप असला माल अंधेरीपासून मुलुंडपर्यंत हॉटेलांना, दवाखान्यांना आणि सोसायट्यांना जायचा. गिऱ्हाईक हा शब्द तिथे कुणी वापरत नसे. माल घेईल ती पार्टी, मग ते पाच मजली हॉटेल असो नाहीतर कोपऱ्यावरचा दातांचा डॉक्टर. सुलक्षणा पार्ट्यांचे फोन घ्यायची, शकु बिलं बनवायची, आणि दोघींची टेबलं एकमेकांना चिकटलेली होती. मोठे शेठ असल्यापासून हे असंच होतं. शेठ गेले, त्यांचा मुलगा अनिरुद्ध त्या खुर्चीत बसला, तरी टेबलं हलली नाहीत.

आणि या दोघींचा एक शब्द होता. वरचंच.

तो आला जुन्या कॉम्प्युटरमधून. त्यात भाव भरताना पार्टीचं नाव पहिल्या ओळीत एकदाच टाकायचं. खालच्या ओळीत नावाची जागा रिकामी सोडून एंटर मारला, की कॉम्प्युटर समजून घ्यायचा, नाव वरचंच. हॉटेलचं नाव, फिनाईल, भाव. खाली रिकामं, हँडवॉश, भाव. खाली रिकामं, पिशव्या, भाव. सुलक्षणा मोठ्याने वाचायची आणि शकु टाइप करता करता दर ओळीला म्हणायची, "वरचंच, वरचंच, वरचंच." पुढे तो शब्द कॉम्प्युटरमधून उठून दोघींच्या बोलण्यात राहायला आला. डब्यात काय? वरचंच. सासूचा पारा? वरचंच. शकुचा नवरा अंथरुणाला खिळला होता त्या दिवसांत सुलक्षणा रोज सकाळी विचारायची, शकु तेवढाच एक शब्द बोलायची, आणि ती तो कसा बोलली यावरून तिची रात्र कशी गेली ते सुलक्षणाला कळायचं. तो गेला त्या सकाळी शकुने फोन केला, तेव्हा तिला दुसरा शब्दच सापडेना. ती फोन धरून नुसती बसून राहिली आणि सुलक्षणा चप्पल घालून निघाली.

अशा भाषेत तिसऱ्याला जागा नसते. पण तिसरी आली.

प्रांजल चेंबूरहून यायची. कॉमर्स करून त्यावर सॉफ्टवेअरचा कोर्स केलेली, पंचविशीच्या आतबाहेरची पोर. अनिरुद्धने ऑर्डर, साठा, भाव, बिलं सगळं एका ठिकाणी ठेवणारं नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि ते बसवायला, सांभाळायला तिला नेमलं. सहा महिने बघू, जमलं तर कायम करू, अशी बोली होती. पोर कामाला चोख होती, बोलायला गोड होती. तिच्यात खोट काढायची तर कष्ट पडले असते, आणि सुलक्षणाने ते आनंदाने घेतले. मुलगी चहा फुंकून पिते. हसताना तोंडावर हात धरते. आणि मुख्य म्हणजे शकुला ती 'शकुमावशी' म्हणते आणि आपल्याला 'सुलक्षणा मॅडम'.

अनिरुद्धने ठरवलं, की शकु नवं सॉफ्टवेअर शिकेल. "सुलक्षणाताई, तुम्ही फोनच सांभाळा," तो म्हणाला. "पार्ट्या तुमच्या आवाजावर खूश आहेत." हे कौतुक होतं, पण बाईंना ते कुणी हळूच दाराबाहेर काढावं तसं लागलं. दुसऱ्या दिवशी शकुने आपली खुर्ची उचलली आणि प्रांजलच्या टेबलापाशी नेऊन ठेवली. खुर्ची नेताना तिने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. कशाला पाहील? तिच्या मनात काही नव्हतंच. पाप होतं ते सुलक्षणाच्या मनात.

मग रोजचं ते बघणं आलं. कानाला फोन, तोंडाने "हो साहेब, आजच पाठवते" आणि डोळे त्या दोघींवर. शकु माउस भलतीकडेच नेते आणि प्रांजल खुदुखुदू हसते. शकु तिला "माझ्या बाय" म्हणते. पोरीच्या चुलत बहिणीच्या लग्नाला साडी घ्यायची म्हणून दोघी घाटकोपरच्या बाजारात जाऊन आल्या, आणि सुलक्षणाला ते दुसऱ्या दिवशी कळलं. "तुला विचारणार होते गो," शकु म्हणाली, "पण तुझा उपास होता ना." बाजारात जायला उपास कुठे आड येतो, हे सुलक्षणाने विचारलं नाही. आतल्या आत तिचा नुसता तिळपापड झाला.

प्रत्येक पार्टीचे भाव नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचं काम शकुकडे होतं. बहुतेकांना एकच नेहमीचा भाव. पण जुन्या, मोठ्या पार्ट्यांना खास भाव असे, तो वेगळा भरायचा. पहिल्या दोन-चार ओळी प्रांजलने शेजारी बसून भरून घेतल्या. मग शकु म्हणाली, "आता येता माका. तू तुझा काम कर." आणि मान खाली घालून ती भरत सुटली. सुलक्षणाला वाटलं, आता हाक मारील, वाचून दाखव म्हणेल. शकुने हाक मारली नाही. एका हाताचं बोट कागदावर ठेवून ती एकटीच टाइप करत राहिली.

महिना सुरू झाला, नव्या सॉफ्टवेअरची बिलं बाहेर पडायला लागली. एका सकाळी मुलुंडच्या 'रामकुंज' सोसायटीचे मॅनेजर दशरथ धुरी यांचा फोन आला.

"मॅडम, थँक्यू हां," ते म्हणाले.

"कशाबद्दल, धुरीभाऊ?"

"भाव कमी केलात ना. हँडवॉश, पिशव्या, टिश्यू, सगळं स्वस्त. कमिटी एकदम खूश होणार. पण म्हटलं एकदा विचारून घेऊ. चूक-बिक नाय ना?"

सुलक्षणाने त्यांचं बिल समोर घेतलं. चूक होती. बिलावर हँडवॉशचा जो भाव होता तो रामकुंजचा नव्हताच. तो विमानतळाजवळच्या 'रत्नछाया' हॉटेलचा होता. रत्नछाया म्हणजे त्यांची सगळ्यात मोठी पार्टी, आणि त्यांना दिलेला भाव दुसऱ्या कुणाला दिला जात नसे.

आता इथे सरळ काम एवढंच होतं, की उठून चार पावलं चालायचं आणि त्या दोघींना सांगायचं. सुलक्षणाने मान वर केली. पलीकडे शकु प्रांजलच्या केसांतली क्लिप नीट लावून देत होती.

"बघते मी," सुलक्षणा फोनमध्ये म्हणाली. "तुम्ही नका काळजी करू."

तिने फोन ठेवला, बिल खणात सरकवलं आणि चहा मागवला. त्या दिवशी चहा तिला फार गोड लागला. सॉफ्टवेअर कुणी बसवलं? प्रांजलने. मग होऊ दे की जे व्हायचं ते. आपण काय केलं, आपण तर काहीच केलं नाही. माणूस काहीच करत नाही तेव्हा स्वतःला किती सोवळं समजतं, त्याला तोड नाही.

पुढच्या आठवड्यात रत्नछायाचे परचेस मॅनेजर राजेश पुजारी स्वतः गाळ्यात आले. हा माणूस कधी येत नसे. फोनवर ऑर्डर, फोनवर कटकट, असा त्यांचा खाक्या. आले ते थेट अनिरुद्धच्या केबिनमध्ये घुसले, आणि केबिनचं दार कधीच नीट लागत नसल्यामुळे बाहेर सगळ्यांना सगळं ऐकू आलं.

"मी रामकुंजला राहतो. कमिटीवर आहे," ते म्हणाले. "काल बिल सहीला आलं माझ्याकडे. हे काय आहे? जो रेट मला, तोच माझ्या सोसायटीला?"

अनिरुद्धने बिल पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण तो सावरून म्हणाला, "सर, काहीतरी मिस्टेक झालीय. पण तुम्हाला एक पैसाही जास्त लावलेला नाही."

"तोच तर प्रॉब्लेम आहे ना, यार. आम्ही ट्रक भरून माल घेतो, ते चार कॅन घेतात. आमचा रेट म्हणजे आमचा रेट. तो तुम्ही गल्लीतल्या प्रत्येकाला वाटलात, तर मग आमचं खास काय राहिलं?"

अनिरुद्धला हे काही झेपेना. माणसाचं एका पैचं नुकसान नाही आणि तो माल दुसरीकडून घ्यायची धमकी देतोय. प्रांजललाही कळलं नाही. पूर्ण गाळ्यात राजेश पुजारींचं दुखणं एकट्या सुलक्षणाला कळलं. तिला त्या माणसाला पाणी नेऊन द्यावंसं वाटलं.

ते गेल्यावर अनिरुद्धने मागची बिलं काढायला लावली. एका रामकुंजची गोष्ट नव्हती. दवाखाने, सोसायट्या, दातांचा डॉक्टर, सगळ्यांना कुणाचा ना कुणाचा खास भाव लागला होता, आणि तोही सगळ्यात खालचा. जिथे-तिथे तोटा. अनिरुद्ध तसा ओरडणारा नव्हता. त्याने प्रांजलला केबिनमध्ये बोलावलं आणि शांतपणे म्हणाला, "शनिवारपर्यंत शोध. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

प्रांजल शोधायला लागली. रामकुंज चुकून भलत्याच गटात तर गेलं नाही ना, हे तिने पाहिलं. गट बरोबर होता. भावांच्या तारखा पाहिल्या, जुना भाव मागे राहून तोच लागतोय का म्हणून. तारखा बरोबर होत्या. सूट दोनदा लागतेय का, खोक्याचा भाव नगाला लागलाय का, सगळं तपासलं. शेवटी रामकुंजच्या नावावर खास भाव कुठले आहेत ते शोधलं, तर एकही नव्हता. "मावशी, त्यांच्या नावावर काहीच नाही," ती शकुला म्हणाली. "मग हा भाव येतो कुठून?" तिचे डोळे सुजले होते. शकु तिच्या पाठीवर हात फिरवत बसली. आणि ते बघून सुलक्षणाला दया यायच्या ऐवजी आणखीच चीड आली. पोरीला संकटसुद्धा असं मिळालं, की शकु आणखीनच तिची झाली.

शनिवारी दुपारी कुणाला जेवण गेलं नाही. शकुने दुधी आणला होता. तिने तो आख्खाच प्रांजलपुढे सारला आणि प्रांजलने चमच्याने तो इकडून तिकडे केला. सुलक्षणा आपल्या टेबलावर एकटीच जेवली. जेवता जेवता तिने चुकलेली बिलं पुढ्यात ओढली, काही शोधायचं म्हणून नव्हे, नजर कुठेतरी लावायची म्हणून.

आणि तिला ते दिसलं.

प्रत्येक बिलात फिनाईलचा भाव बरोबर होता. रामकुंजचं फिनाईल बरोबर, दवाखान्याचं बरोबर, डॉक्टरचं बरोबर. चुकले होते ते त्याच्या खालचे, हँडवॉश, पिशव्या, टिश्यू. आणि शुभ्राची कुठलीही भावाची यादी घ्या, पहिलं नाव फिनाईलचं असतं.

पहिली ओळ बरोबर, खालच्या चुकल्या. सुलक्षणाच्या कानात शकुचा आवाज आला. वरचंच, वरचंच, वरचंच.

शकुने जुन्या सवयीने पहिल्या ओळीत पार्टीचं नाव घातलं होतं आणि खाली नावाच्या जागा रिकाम्या सोडल्या होत्या. पण नव्या सॉफ्टवेअरला वरचंच कळत नव्हतं. तिथे नाव रिकामं म्हणजे भाव कुणा एकाचा नाही, म्हणजे तो सगळ्यांचा. आणि एका मालाला दोन भाव लागू होत असतील तर त्यातला कमी तो लावायचा, असा त्याचा नियम, हे प्रांजलनेच पहिल्या दिवशी कौतुकाने सांगितलं होतं. बिचारी नावं शोधत होती. ज्या ओळींना नावच नाही त्या नावाने कशा सापडतील?

सुलक्षणाने डबा बंद केला. हे कोडं सोडवू शकणारी जगात एकच बाई होती, आणि तिने ते सोडवलं होतं. तरी ती उठली नाही. बोललं तर चूक शकुची निघते. नाही बोललं तर सोमवारी प्रांजल जाते, खुर्ची परत आपल्या टेबलाशी येते, बांगड्याचा मधला तुकडाही. मग चार दिवसांनी सावकाश शकुच्या कानात सांगावं, दोघींनी मिळून गुपचूप ओळी नीट कराव्यात, कुणाला पत्ता लागायचा नाही. तिला हे इतकं पटलं, की आपण शकुला वाचवतोय असंच तिला वाटायला लागलं.

संध्याकाळी अनिरुद्ध केबिनमधून बाहेर आला. "सापडलं?" त्याने विचारलं. प्रांजलने नकारार्थी मान हलवली.

"मग सोमवारपासून येऊ नकोस," तो म्हणाला. त्यालाही ते बोलताना बरं वाटत नव्हतं. "मी तरी काय करू सांग."

प्रांजल आपली पर्स आवरायला लागली. बोलली ती शकु. ती खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, "सर, पोर जीव तोडून काम करता. ती जात असली तर मीपण येणार नाय सोमवारपासून."

सुलक्षणाच्या पायाखालची वाळू सरकली. इतकी वर्षं. नवऱ्याच्या आजारपणात, पोराच्या ॲडमिशनच्या वेळी, दोनदा पगार रखडला तेव्हा, कधी म्हणून शकु 'येणार नाही' म्हणाली नव्हती. आपल्याला फोनवर बसवलं तेव्हा तर ब्रसुद्धा काढला नव्हता. आणि काल आलेल्या या पोरीसाठी ही नोकरीवर पाणी सोडते. आपल्याला एकटीला त्या टेबलावर टाकून जायला निघते.

"तिला कशाला बोलताय, सर?" सुलक्षणा म्हणाली. आवाज तिचाच होता, पार्ट्या ज्याच्यावर खूश होत्या तोच, फक्त धार लागलेला. "तिची काही चूक नाही. चूक शकुची आहे."

मग तिने सगळं सांगितलं. बिलं टेबलावर ओळीने मांडली, फिनाईल दाखवलं, रिकाम्या जागा उघडून दाखवल्या. स्क्रीनवर त्या बिननावाच्या ओळी खालपर्यंत उतरत गेल्या होत्या. "ही जुनी सवय हिची," ती म्हणाली. "नाव सोडून द्यायचं. मी असते शेजारी तर झालं नसतं."

शकुने स्क्रीनकडे पाहिलं. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. बोलायला ती तोंड उघडत होती, तेवढ्यात प्रांजल पुढे झाली.

"सर, मावशींची नाही, माझी चूक आहे," ती म्हणाली. "नाव रिकामं ठेवलं तर भाव सगळ्यांना लागतो, हे मी सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलंच नाही. आणि भरल्यावर तपासायला पाहिजे होतं, तेपण मीच."

अनिरुद्धने सुटकेचा मोठा श्वास सोडला. त्याला कारण हवं होतं, ते मिळालं. कुणाची चूक यात त्याला आता गोडी नव्हती. "कुणी कुठे जात नाही," तो म्हणाला. "सोमवारी ओळी नीट करा, पार्ट्यांना फोन करा, आणि राजेशसरांना मी सांगतो. सुलक्षणाताई, मानलं तुम्हाला." सुलक्षणा हसली. त्या शाबासकीचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. ज्या पोरीला ती खड्ड्यात ढकलायला बसली होती त्या पोरीने शकुला पदराखाली घेतलं, आणि शकुला उघड्यावर ढकललं ते तिने स्वतः.

जिना उतरताना शकु तिच्याबरोबर होती. प्रांजल पुढे निघून गेली होती.

"बरोबर बोललीस गो," शकु म्हणाली. "चूक माझीच." मग दोन पायऱ्या उतरून, "फक्त माझ्या कानात सांगितलं असतंस तर..."

"राग आला मला," सुलक्षणा म्हणाली. "तू नोकरी सोडायला निघालीस, तिच्यासाठी."

शकुने थांबून तिच्याकडे पाहिलं आणि चक्क हसली. "येडी काय गो तू? तुझ्यासाठी सोडूची येळ कधी इली काय?" तिने सुलक्षणाच्या दंडाला चिमटा काढला. एवढंच झालं, आणि सुलक्षणाच्या छातीवरचं ओझं उतरलं. रविवारी तिने शकुसाठी म्हणून नारळाच्या वड्या केल्या.

सोमवारी सकाळी शकु आली तेव्हा सुलक्षणाने घाबरत घाबरत विचारलं, "गुडघ्याचं दुखणं कसंय?"

"वरचंच," शकु म्हणाली.

तो शब्द कानावर पडला आणि सुलक्षणाला वाटलं, संपलं, सगळं जागेवर आलं. तिने वड्यांचा डबा शकुच्या टेबलावर नेऊन ठेवला, आणि प्रांजललाही एक वडी दिली. पोरगी 'थँक्यू मॅडम' म्हणाली तर तिला तेही गोडच वाटलं.

अनिरुद्धने तिघींना पार्ट्या वाटून दिल्या होत्या. भाव चुकून कमी लागला होता, पुढच्या बिलापासून नेहमीचा लागेल, एवढंच सांगायचं. प्रांजलने दवाखाने घेतले, सुलक्षणाने हॉटेलं. सोसायट्या शकुकडे आल्या. हे वाटप वेळेत सुलक्षणाच्या लक्षात यायला हवं होतं, पण ती वड्यांच्या आनंदात होती. तिच्या ते लक्षात आलं तेव्हा शकु फोनवर म्हणत होती, "नमस्कार धुरीभाऊ, शुभ्रामधून शकु बोलतेय."

सुलक्षणाने हातातला फोन ठेवला.

"हो, चुकलंच ते आमच्याकडून," शकु म्हणत होती. मग ती ऐकत राहिली. "कधी?" तिने विचारलं. मग परत बराच वेळ ऐकत राहिली. "सुलक्षणाला सांगितलेलं? ... नाही, नाही, तुमचा काय दोष. तुम्ही तर लगेच कळवलंत. हो. ठीक आहे, भाऊ."

तिने फोन जागेवर ठेवला. सुलक्षणा खणाकडे बघत होती. धुरीभाऊंचं बिल अजून त्यातच होतं.

"तुला माहीत होतं," शकु म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "एवढे दिवस."

"राहून गेलं गं कामात," सुलक्षणा म्हणाली, आणि आपलं बोलणं किती पोकळ आहे ते तिचं तिलाच ऐकू आलं.

"ती पोर रडत होती, आणि तू बघत बसलेलीस."

यावर सुलक्षणाकडे उत्तर होतं. मी तिला बघत नव्हते, मी तुला बघत होते. पण ते तोंडावाटे बाहेर पडेना, आणि पडलं असतं तरी त्याने काय सुधारलं असतं कुणास ठाऊक. शकुने पार्ट्यांची यादी बाजूला सारली. मग "बरं" म्हणाली आणि स्क्रीनकडे वळली.

सकाळभर ती ओळी नीट करत बसली. सुलक्षणा फोन करत होती, "सॉरी साहेब, पुढच्या बिलापासून" म्हणत होती, आणि मधूनमधून तिकडे बघत होती. शकु प्रत्येक ओळीत पार्टीचं पूर्ण नाव लिहीत होती. हॉटेल रत्नछाया, फिनाईल. हॉटेल रत्नछाया, हँडवॉश. हॉटेल रत्नछाया, कचऱ्याच्या पिशव्या. प्रांजलने तिला नाव एकदाच लिहून खालपर्यंत उतरवायची सोपी युक्ती दाखवली. शकुने मान हलवली आणि हातानेच लिहीत राहिली. एकही जागा तिने रिकामी सोडली नाही.

जेवायच्या वेळी ती खुर्ची घेऊन आपणहून सुलक्षणाच्या टेबलाशी आली. कुठेही भांडण नाही, तोंड फुगवणं नाही. प्रांजलही आली. डबे उघडायच्या आधी सुलक्षणाने शक्य तितक्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "काय आणलंस?"

शकुने झाकण काढलं.

"दुधीची भाजी आहे," ती म्हणाली. "तीन चपात्या आहेत आणि लिंबाचं लोणचं. हवं असेल तर घे."

सुलक्षणाने चमचाभर भाजी घेतली. शनिवारीही शकुच्या डब्यात दुधीच होता.